काखेपासून कोपरापर्यंत: बाहूच्या मुख्य रोहिणीच्या नमुन्याच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

शरीररचना विभागाच्या संग्रहालयासाठी बाहूच्या मुख्य रोहिणीचा (धमनीचा) नवा नमुना तयार करण्याचे काम विभागप्रमुख मॅडमनी आज माझ्याकडे सोपवले. जुना नमुना फॉर्मॅलिनमध्ये राहून इतका फिकट झाला आहे की रोहिणी कोणती आणि मज्जातंतू कोणता हे काचेबाहेरून पाहणाऱ्या मुलांना ओळखता येत नाही. त्यातील बारीक शाखा तुटून बरणीच्या तळाशी पडल्या आहेत. पहिल्या बरगडीच्या बाहेरच्या कडेपासून कोपराच्या पुढच्या खळग्यापर्यंत ही वाहिनी सलग दाखवायची, तिच्या मोठ्या शाखा त्यांच्या उगमापाशी दाखवायच्या आणि आजूबाजूचे स्नायू व मज्जातंतू शक्य तितके जागेवर ठेवायचे, असे ठरले.

डिसेक्शन हॉलमध्ये आम्ही सगळे ‘ॲक्झिलरी आर्टरी’ आणि ‘ब्रेकियल आर्टरी’ असेच म्हणतो, परंतु नमुन्याच्या चिठ्ठ्यांवर मराठी नावेही असावीत असा माझा आग्रह आहे. संग्रहालयात नर्सिंगचे विद्यार्थी येतात, देहदानाचा अर्ज भरायला आलेली माणसेही कधी कधी आत डोकावतात. त्यांच्यासाठी काखेतील भागाला ‘कक्षा रोहिणी’ आणि दंडातील भागाला ‘बाहू रोहिणी’ असे लिहिणार आहे. या नोंदींतही तीच नावे वापरतो.

ज्यांच्या देहावर काम करायचे आहे ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते आणि त्यांनी स्वतः देहदानाची इच्छा नोंदवून ठेवली होती. उजव्या बाजूने सुरुवात करायची आहे.

९ जानेवारी

हात काटकोनात बाहेर घेऊन आणि तळहात वर करून फळीवर बांधला. ही बैठक महत्त्वाची आहे, कारण कक्षा रोहिणीचा आकार हाताच्या स्थितीप्रमाणे बदलतो: हात अंगालगत असताना तिची वर आणि बाहेरच्या बाजूला कमान होते, हात काटकोनात असताना ती जवळजवळ सरळ होते, आणि हात डोक्यावर नेला की तीच कमान उलटी पडते. त्वचेवरून तिचा मार्ग आखायचा तर जत्रुकाच्या, म्हणजे कॉलर बोनच्या, मध्यबिंदूपासून काखेच्या बाहेरच्या भिंतीवर जिथे नाडी लागते तिथपर्यंत रेघ ओढतात, आणि तीच रेघ पुढे कोपराच्या खळग्यापर्यंत नेली की बाहू रोहिणीही आखून होते. मी निळ्या पेन्सिलीने ती रेघ आखून ठेवली; विच्छेदनानंतर प्रत्यक्ष वाहिनी तिच्यापासून किती दूर निघते ते पाहायचे आहे.

त्वचा आणि चरबी काढून छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, जत्रुकाकडून सुटा करून बाहेर उलटला. त्याखाली लहान पेक्टोरॅलिस मायनर आणि त्याच्या वरच्या कडेपासून जत्रुकापर्यंत ताणलेला तंतुमय पडदा दिसला. या पडद्यातून दंडावरून वर येणारी सेफॅलिक नीला (शीर) आत शिरते आणि थोरॅकोॲक्रोमियल शाखा बाहेर येते. दोन्ही शाबूत मिळाल्या.

११ जानेवारी

आज माझ्या हातून चूक झाली आणि ती इथे स्पष्ट लिहून ठेवणे आवश्यक आहे. कक्षा रोहिणीच्या पहिल्या, म्हणजे पेक्टोरॅलिस मायनरच्या वरच्या, भागाला एकच शाखा असते, छातीच्या वरच्या भागाकडे जाणारी सुपीरियर थोरॅसिक. ती सुतळीपेक्षाही बारीक असते आणि पेक्टोरॅलिस मायनरच्या वरच्या कडेजवळून पहिल्या दोन बरगड्यांकडे वळते. पडद्यामागची चरबी काढताना मी बोथट सळईऐवजी कात्री वापरली, आणि चरबीच्या गोळ्याबरोबर ती शाखाही कापली गेली. मुख्य वाहिनीवर तिच्या उगमाचा बिंदू तेवढा उरला.

हॉलमधील परिचर मामा गेली कित्येक वर्षे विच्छेदनाची तयारी पाहत आले आहेत. त्यांनी शांतपणे सांगितले की काखेतील चरबी बोटाने आणि सळईने ‘सोडवायची’ असते, कापायची नसते. मला हे ठाऊक होते, तरी घाई झाली. तुटलेल्या शाखेच्या जागी लाल दोरा बांधून खोटी शाखा उभी करण्याची सूचना एका सहकाऱ्याने केली, पण ती मी स्वीकारली नाही. नमुन्यात जे आहे तेच दाखवले पाहिजे. ही शाखा डाव्या बाजूला शोधून तिथे जपायची आणि डावी बाजूही नमुन्यासाठी राखून ठेवायची, अशी परवानगी मॅडमकडून घेतली.

१६ जानेवारी

रोहिणीभोवतीचे तंतुमय आवरण उघडण्यात दोन दिवस गेले. मानेच्या मणक्यांपुढील पटलाचेच, म्हणजे तंतुमय पडद्याचेच, हे काखेत उतरलेले नळकांडे. त्यात रोहिणी आणि बाहूच्या मज्जातंतूंचे जाळे एकत्र बांधलेले असते. कक्षा नीला मात्र बहुतांशी त्याच्या बाहेर, रोहिणीच्या आतल्या अंगाला राहते, आणि म्हणून रक्त वाढले की तिला फुगायला जागा मिळते. भूलतज्ज्ञ काखेत औषध टोचून अख्खा हात बधिर करतात ते याच आवरणाच्या आधारे.

कक्षा रोहिणीचे तीन भाग पहिल्या वर्षाची मुले पाठ करतात: पेक्टोरॅलिस मायनरच्या वरचा पहिला, त्याच्या मागचा दुसरा, खालचा तिसरा. शाखांची संख्याही त्याच क्रमाने एक, दोन, तीन. ही आठवण ठेवायला सोयीची रचना आहे, परंतु आज आवरण उघडल्यावर संपूर्ण वाहिनी एका नजरेत आली तेव्हा प्रकर्षाने जाणवले की तिच्यावर स्वतःची अशी एकही खूण नाही. पहिल्या बरगडीच्या कडेवर तिचे नाव बदलते, टेरीस मेजर स्नायूच्या खालच्या कडेवर पुन्हा बदलते, मध्ये तिचे तीन तुकडे मानले जातात, आणि या सगळ्या सीमा शेजाऱ्यांच्या आहेत. नळी आहे ती एकच आणि अखंड. स्नायू बाजूला केला की पहिला भाग कुठे संपला हे सांगता येत नाही.

यातून नमुन्यापुढे एक अडचण उभी राहिली. पेक्टोरॅलिस मायनर जागेवर ठेवला तर दुसरा भाग झाकला जातो. तो काढला तर तीन भाग कशावरून म्हणायचे हेच नाहीसे होते. डावी बाजू हाती असल्यामुळे तोडगा निघाला: उजवीकडे स्नायू जागेवर ठेवायचा आणि डावीकडे तो बरगड्यांपासून सोडवून कोराकॉइडकडे, म्हणजे खांद्याच्या पात्याच्या पुढच्या टोकाकडे, उलटून ठेवायचा.

दुसऱ्या भागाभोवती मज्जातंतूंच्या जाळ्याचे तीन जाड दोर असतात, एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या अंगाला आणि एक मागे. त्यांना लॅटरल, मीडियल आणि पोस्टीरियर ही नावे मिळाली ती रोहिणीच्या या दुसऱ्या भागाच्या संदर्भातच. इथे शेजाऱ्यांची नावे रोहिणीवरून पडली आहेत. त्याखाली तिसऱ्या भागासमोर मीडियन मज्जातंतूची दोन मुळे येऊन मिळतात, त्यांतील आतले मूळ रोहिणीला पुढून ओलांडते, आणि मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन व अल्नर या तिन्ही मज्जातंतूंची मिळून रोमन लिपीतील ‘एम’ अक्षरासारखी आकृती तयार होते. हे अक्षर सापडले की मुलांची वाट चुकत नाही, म्हणून त्याच्यावरचे सगळे पटल सोलून ते स्वच्छ केले.

१८ जानेवारी

तिसरा भाग पूर्ण झाला. हा सगळ्यात लांब भाग, आणि त्याच्या खालच्या टप्प्यावर पुढून फक्त त्वचा आणि पटल असते, त्यामुळे जिवंत माणसात इथे बोट दाबले की दंडाच्या हाडावर नाडी लागते.

याच्या तीन शाखा: सबस्कॅप्युलर, आणि दंडाच्या हाडाच्या मानेला पुढून व मागून वळसा घालणाऱ्या दोन सर्कमफ्लेक्स शाखा. पुस्तकात या तिन्ही वेगवेगळ्या निघतात. आपल्या नमुन्यात सबस्कॅप्युलर आणि मागची सर्कमफ्लेक्स एका समाईक आखूड खोडातून निघाल्या आहेत. हे अनेकांत आढळते, अपवाद म्हणावे इतके विरळ नाही. मी जुन्या चिठ्ठीचा मसुदा पाहिला तेव्हा त्यावर ‘नेहमीची रचना’ असे शीर्षक होते. ते खोडले.

सबस्कॅप्युलर ही कक्षा रोहिणीची सर्वांत मोठी शाखा आहे. ती खाली उतरून दोन भागांत विभागते: एक थोरॅकोडॉर्सल, जी त्याच नावाच्या मज्जातंतूबरोबर पाठीच्या लॅटिसिमस स्नायूकडे जाते, आणि दुसरी सर्कमफ्लेक्स स्कॅप्युलर, जी दोन टेरीस स्नायू आणि ट्रायसेप्सचे लांब डोके यांच्यामधल्या त्रिकोणी फटीतून खांद्याच्या पात्याच्या मागे निघते. त्याच्याच शेजारी, लांब डोक्याच्या बाहेरच्या अंगाला, चौकोनी फट आहे; तिच्यातून मागची सर्कमफ्लेक्स शाखा ॲक्झिलरी मज्जातंतूला सोबत घेऊन हाडाच्या मानेमागून जाते. दंडाचे हाड या मानेपाशी मोडले की खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू लुळा पडण्याची भीती असते ती या शेजारामुळे. फट दाखवण्यासाठी मागच्या बाजूनेही खिडकी उघडायची आहे.

एक गोष्ट मुलांना मी नेहमी फळ्यावर काढून दाखवतो, आणि नमुन्यात ती हाताने दाखवता येईल याचा आनंद आहे. खांद्याच्या पात्याभोवती मानेकडून, म्हणजे सबक्लेवियन रोहिणीच्या शाखांकडून, रक्त येते आणि काखेकडून सबस्कॅप्युलरच्या शाखांतूनही येते, आणि दोन्ही प्रवाह पात्यावर एकमेकांना मिळतात. त्यामुळे मुख्य वाहिनी सबस्कॅप्युलरच्या उगमाच्या वर हळूहळू अडली किंवा बांधावी लागली तरी रक्त पात्याला वळसा घालून, सबस्कॅप्युलरमधून उलट दिशेने वाहत, पुढच्या वाहिनीत उतरू शकते. परंतु सबस्कॅप्युलरच्या खाली आणि दंडातील प्रोफंडा शाखेच्या वर अडथळा आला तर वळणवाट अपुरी पडते आणि हात धोक्यात येतो. उजव्या नमुन्यात हे अंतर मोजले, ते जेमतेम चार सेंटिमीटर भरले. काखेतील गाठी काढणाऱ्या किंवा जखम शिवणाऱ्या शल्यविशारदाने ध्यानात ठेवायचे ते हे चार सेंटिमीटर.

२३ जानेवारी

उजवी बाहू रोहिणी. काम सोपे, कारण वाहिनी उथळ आहे. टेरीस मेजरच्या खाली लगेच प्रोफंडा शाखा निघून रेडियल मज्जातंतूबरोबर हाडाच्या मागे जाते. दंडाच्या मध्यावर मीडियन मज्जातंतू रोहिणीला पुढून ओलांडून बाहेरच्या अंगाकडून आतल्या अंगाला येतो. तिथून खाली कोपरापर्यंत क्रम ठरलेला: आत मज्जातंतू, मध्ये रोहिणी, बाहेर बायसेप्सची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. बायसेप्सच्या कंडरेतून आतल्या बाजूला पसरलेला तंतुमय पट्टा रोहिणीवर छपरासारखा आडवा येतो आणि तिला वरच्या मीडियन क्युबिटल नीलेपासून वेगळे ठेवतो. रक्त काढण्यासाठी कोपरात सुई टोचली जाते ती याच नीलेत, आणि सुई जास्त खोल गेली तर आधी हा पट्टा लागतो.

रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोप ठेवतात तो इथेच, कंडरेच्या आतल्या अंगाला. रिव्हा-रोची यांचा हवा भरायचा पट्टा १८९६ मधला, आणि पट्ट्याखाली आवाज ऐकण्याची पद्धत कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये मांडली. आजही त्या आवाजांना त्यांचेच नाव आहे.

रोहिणीची विभागणी कोपराखालच्या रेडियस हाडाच्या मानेच्या पातळीवर, पुस्तकाप्रमाणे. पेन्सिलीच्या रेघेपासून वाहिनी कुठेही अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त ढळलेली नाही.

२९ जानेवारी

डावी बाजू सुरू केली. यावेळी चरबी फक्त बोटाने आणि सळईने सोडवली. सुपीरियर थोरॅसिक शाखा मिळाली, पूर्ण, पहिल्या बरगड्यांपर्यंत. तिच्याखाली पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी सरकवून ठेवली आहे, म्हणजे कोणाचाही हात तिच्यावर पडू नये.

३१ जानेवारी

आज ज्याची अपेक्षा नव्हती ते सापडले. डाव्या दंडात पटल उघडले तर एकीच्या जागी दोन वाहिन्या शेजारी शेजारी खाली जात होत्या. प्रथम मला वाटले की दुसरी म्हणजे सोबतची नीला आहे, पण तिची भिंत जाड होती आणि दाबून सोडली की नळी पुन्हा गोल होत होती. वर शोध घेतला तेव्हा टेरीस मेजरच्या कडेखाली सुमारे तीन सेंटिमीटरवर बाहू रोहिणी दुभागलेली आढळली. एक शाखा मीडियन मज्जातंतूच्या पुढून उथळ उतरते, दुसरी त्याच्या मागे, खोल.

उथळ वाहिनी आधी हाती लागली म्हणून मी तिलाच बाहू रोहिणी समजून दोऱ्याची खूण बांधली. संध्याकाळपर्यंत ती खूण मला खटकत राहिली. दोन सारख्या दिसणाऱ्या नळ्यांतून खरी बाहू रोहिणी कोणती हे रुंदीवरून ठरवायचे, की उथळ-खोलवरून? १६ तारखेला लिहिलेले पुन्हा वाचले. वाहिनीवर खूण नसते, तर तिची ओळख शेजाऱ्यांकडूनच घ्यावी लागेल. तेव्हा उद्या तिला वरून पाहत बसण्याऐवजी दोन्ही नळ्या शेवटपर्यंत सोडवून त्या कोणाच्या सोबतीने कुठे पोहोचतात ते पाहायचे.

५ फेब्रुवारी

कोपर आणि अग्रबाहूचा वरचा भाग पूर्ण उघडला.

उथळ वाहिनी बायसेप्सच्या तंतुमय पट्ट्याखालून जाऊन ब्रेकियोरेडियालिस स्नायूच्या आतल्या कडेने सरळ मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस पोहोचते. ती रेडियल रोहिणीच आहे, फक्त कोपराऐवजी दंडाच्या वरच्या भागात उगम पावलेली. खोल वाहिनीतून प्रोफंडा निघते, कोपराभोवतीच्या दोन्ही कोलॅटरल शाखा निघतात, मीडियन मज्जातंतू तिच्या पुढून तिला ओलांडतो, आणि पुढे ती प्रोनेटर टेरीस स्नायूच्या खोल डोक्यामागून करंगळीकडील अल्नर रोहिणी म्हणून जाते व हाडांमधल्या पडद्याकडे शाखा देते. तिचे सगळे शेजारी उजव्या बाजूच्या बाहू रोहिणीचेच आहेत. म्हणून बाहू रोहिणी हे नाव खोल वाहिनीला द्यायचे. दोऱ्याची खूण सोडवून खोल वाहिनीवर बांधली आणि मॅडमना बोलावून दाखवले. त्यांनी स्वतः सळई घेऊन दोन्ही वाटा तपासल्या आणि मान्यता दिली.

कोपराच्या खळग्यात दोन्ही वाहिन्यांना जोडणारी एक आखूड आडवी शाखाही मिळाली. पुस्तकाप्रमाणे रेडियल रोहिणी जिथे सुरू व्हायला हवी होती, त्या जागेची ही आठवण म्हणावी अशी ती आहे: गर्भावस्थेत बाहूत वाहिन्यांचे जाळे असते, त्यातील काही वाटा रुंदावून टिकतात आणि इतर मिटतात, कोणती वाट टिकली यावरून पुढे माणसामाणसात फरक राहतो.

बाहू रोहिणीच्या शाखांतील भेदांमध्ये रेडियलचा असा उंच उगम सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहे. ज्याच्या शरीरात तो असतो त्याला बहुधा आयुष्यभर त्याची जाणीवही होत नाही. परंतु काही माणसांत ही उथळ वाहिनी तंतुमय पट्ट्याच्या वरून, अगदी त्वचेखालून जाते, आणि तेव्हा नीला समजून तिच्यात औषध टोचले गेले तर बोटे गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून कोपरात सुई लावण्याआधी बोट ठेवून ठोका लागतो का हे पाहण्याची सवय परिचारिकांना लावली जाते. हृदयाच्या वाहिन्यांची तपासणी करताना मनगटातील रेडियल रोहिणीतून नळी घालण्याची पद्धत कॅनडातील लुसियाँ कँपो यांनी १९८९ मध्ये मांडली आणि आज आपल्याकडेही ती रूढ आहे. त्या नळीला दंडात अरुंद, उंच उगमाची रेडियल भेटली तर ती अडते किंवा वाहिनी आकसते. आमच्या दात्यांच्या डाव्या मनगटातून कोणी नळी घातली असती तर हाच अनुभव आला असता.

२० फेब्रुवारी

दोन्ही बाहू पात्यासह वेगळे केले. पहिल्या बरगडीचा तुकडा दोन्हींना जोडलेला ठेवला आहे, कारण तो गेला तर कक्षा रोहिणीची सुरुवात दाखवता येणार नाही. उजवीकडील नीला काढून टाकल्या, फक्त कक्षा नीलेचा खुंट ठेवला. रोहिण्यांना लाल, मज्जातंतूंना पिवळा रंग दिला. रंग देण्यापूर्वी पृष्ठभाग नीट कोरडा केला नाही तर बरणीत पापुद्रे सुटतात, म्हणून रंगाचा प्रत्येक थर देण्याआधी एक दिवस थांबलो.

डावीकडील उथळ वाहिनीला वेगळा रंग द्यावा अशी एक सूचना होती. मी नकार दिला. वेगळा रंग दिला की ती दोष असल्यासारखी दिसेल, आणि मुलांना ती स्वतः शोधण्याची गरजही उरणार नाही. लाल ती लालच राहील.

४ मार्च

दोन्ही नमुने पर्स्पेक्सच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) एकाच रुंद बरणीत शेजारी शेजारी लावले. उजवीकडे पेक्टोरॅलिस मायनर जागेवर, डावीकडे उलटलेला. उजवीकडे पहिल्या भागावरच्या तुटक्या बिंदूपाशी चिठ्ठी आहे: ‘सुपीरियर थोरॅसिक शाखेचा उगम, शाखा विच्छेदनात तुटली, डाव्या बाजूला पाहावी.’ समाईक खोडाची चिठ्ठी लावली. डाव्या दंडावरच्या चिठ्ठीचे चार मसुदे झाले. ‘विकृती’ हा शब्द पहिल्या मसुद्यातच काढला, ‘अनियमित’ दुसऱ्यात. अखेरीस एवढेच लिहिले: ‘रेडियल रोहिणी, दंडात उगम पावलेली. मीडियन मज्जातंतूच्या पुढे कोणती वाहिनी आहे आणि मागे कोणती, ते पाहा.’

दुपारी पहिल्या वर्षाची आठ मुले बरणीभोवती उभी होती. त्यांतील एका मुलीने उजव्या बाजूला ‘एम’ अक्षर बोटाने बरणीवर गिरवले, मीडियन मज्जातंतू धरून ती खाली आली, डाव्या बाजूलाही तेच केले आणि मध्येच थांबून म्हणाली, “सर, इथे याच्या पुढे पण एक आहे.” मग बाकीच्यांनी आपापल्या कोपरात बोटे ठेवून ठोका शोधायला सुरुवात केली.